आयईटीएफच्या सभेला जाताना: मुख्य सत्रं, हॅकेथॉन आणि बाजूच्या बैठका

तारायंत्री

आयईटीएफ म्हणजे इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्स, इंटरनेटची तांत्रिक मानकं घडवणारी संस्था. तिची १२६वी सभा जुलै २०२६ मध्ये व्हिएन्नाला आहे, १८ ते २४ तारखेला. दर सभेआधी नव्या लोकांचे तेच तेच प्रश्न येतात आणि उत्तरं दहा ठिकाणी विखुरलेली असतात, म्हणून हा धागा. ज्यांना जे पक्कं ठाऊक आहे ते इथे घाला.

सगळ्यात आधी एक गोष्ट. इथे भाषणं ऐकायला यायचं नसतं. इंटरनेटची मानकं वर्षभर मेलिंग लिस्टवर आणि मसुद्यांमध्ये घडत असतात, आणि जे मुद्दे मेलवर सुटत नाहीत ते सोडवायला माणसं वर्षातून तीनदा एकत्र बसतात: मार्च, जुलै, नोव्हेंबर. त्यामुळे मसुदा न वाचता सत्रात बसलेल्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांनंतर काही कळत नाही. ‘या मसुद्याच्या कलम ४.२ मधलं ते ‘मस्ट’ (केलंच पाहिजे) बदलून ‘शुड’ (करावं) करायचं का’ अशीच चर्चा थेट सुरू होते.

सदस्यत्व हा प्रकारच नाही. कोणीही यावं, स्वतःच्या नावाने बोलावं. १९८६च्या जानेवारीत सॅन डिएगोत २१ जण जमले होते, ती पहिली सभा. डेव्हिड क्लार्क यांनी १९९२ मध्ये मांडलेलं सूत्र आजही लागू आहे: राजे नकोत, राष्ट्राध्यक्ष नकोत, मतदान नको, ढोबळ सहमती आणि चालणारा कोड हवा. ‘ढोबळ सहमती’ म्हणजे बहुमत नव्हे. एकट्या माणसाने काढलेला तांत्रिक दोष खरा असेल तर शंभर जणांची पसंतीही त्याला उत्तर ठरत नाही. ‘आरएफसी’ म्हणजे आयईटीएफचे प्रकाशित, क्रमांकित दस्तऐवज; त्यातल्या आरएफसी ७२८२ मध्ये हे नीट समजावलंय, जाण्याआधी तेवढं वाचाच.

तयारी सहा आठवडे आधी सुरू करा. डेटाट्रॅकर या आयईटीएफच्या संकेतस्थळावर (मसुदे, गट, टिपणं सगळं तिथेच) खातं काढा. कार्यगट (एकेका विषयाची मानकं घडवणारे गट) जास्तीत जास्त दोन निवडा. गटाची सनद (त्याने काय करायचं ते सांगणारं पान), मागच्या दोन सभांची टिपणं आणि चालू मसुदे एवढं वाचून काढा. मसुद्याच्या नावात ‘ड्राफ्ट’नंतर कोणाचं आडनाव असेल तर तो अजून त्या व्यक्तीचाच आहे, ‘ड्राफ्ट’नंतर ‘आयईटीएफ’ आलं तर गटाने तो स्वीकारलाय. नवखे लोक हा फरक हमखास विसरतात आणि एकट्या माणसाचा प्रस्ताव ‘मानक’ म्हणून ऑफिसात सांगतात. प्रत्येक मसुदा १८५ दिवसांनी कालबाह्य होतो, तेव्हा तारीखही बघा.

मग लिस्टवर निदान एक मेल टाका. ‘कलम ३ वाचलं, अमुक परिस्थितीत काय व्हावं हे स्पष्ट नाही’ एवढा पुरतो. लेखक सभेत आपणहून शोधत येतात, कारण मसुदा खरोखर वाचणारे लोक नेहमीच कमी असतात.

आठवड्याची रचना अशी: शनिवार-रविवार हॅकेथॉन, रविवारी नव्यांसाठी ओळखसत्रं आणि संध्याकाळी स्वागत, सोमवार ते शुक्रवार गटांची सत्रं, बुधवारी सर्वसाधारण सभा. बाजूचे कार्यक्रम या सगळ्याच्या फटींत बसवलेले असतात.

---

रुईगवत

उत्तम धागा. व्हिसा आणि पैशांचं मी लिहिते.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. पण जुलैच्या प्रवासासाठी जूनवर विसंबू नका, उन्हाळी सुट्टीवाल्यांमुळे अपॉइंटमेंटच मिळत नाही. ऑस्ट्रियाचे अर्ज व्हीएफएसकडे, म्हणजे व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीकडे, जातात. शुल्क ९० युरो, सेवाशुल्क वेगळं. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोचा, आणि तो संपूर्ण शेंगेन क्षेत्राला लागू असल्याचं कागदावर छापलेलं हवं.

निमंत्रणपत्र नोंदणीनंतर मिळतं. नोंदणी करताना नाव पासपोर्टावर आहे तसंच लिहा. आपल्याकडे घोळ होतो तो इथेच: पासपोर्टाच्या ‘दिलेलं नाव’ रकान्यात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, नोंदणीत माणूस फक्त स्वतःचं नाव आणि आडनाव लिहितो, आणि पत्र व अर्ज जुळत नाहीत. बिल्ल्यावर हाक मारायचं नाव वेगळं छापता येतं, त्याची काळजी नको.

शुल्क डॉलरमध्ये, कार्डाने. व्यवहार फसला तर आधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाचा आंतरराष्ट्रीय ऑनलाइन वापर चालू आहे का ते बघा. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नवी कार्डं फक्त देशांतर्गत वापरासाठी चालू करून मिळतात. लवकर नोंदणी केली तर शुल्क कमी पडतं, विद्यार्थ्यांसाठी वेगळा दर आहे, आणि हॅकेथॉन पूर्ण मोफत आहे. त्याची नोंदणी मात्र वेगळी करावी लागते.

---

पेठेतला_पाहुणा

तारायंत्री, रुईगवत, दोघांचेही आभार. तीन प्रश्न आहेत. कोड फारसा न लिहिणाऱ्याने शनिवारी पोचावं का? जायला जमलंच नाही तर घरून सामील होण्यात अर्थ आहे का? आणि ‘बाजूच्या बैठका’ म्हणजे नक्की काय, तिथे आगंतुक चालतो का?

---

सांधेजोड

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, शनिवारीच पोचा.

या हॅकेथॉनमध्ये स्पर्धा हा भाग नाही. मसुद्यात लिहिलंय त्याप्रमाणे दोन वेगळ्या माणसांनी लिहिलेले कोड एकमेकांशी बोलतात का, हे तपासायचं असतं. नाही बोलले तर बहुतेक वेळा दोष मसुद्याच्या भाषेत निघतो, आणि तो सोमवारच्या सत्रात मांडता येतो. चालणारा कोड हवा म्हणतात तो यासाठी.

उदाहरण देतो. क्वांटमरोधी, म्हणजे क्वांटम संगणकालाही फोडता येऊ नयेत अशा, डिजिटल प्रमाणपत्रांचा प्रकल्प बऱ्याच सभांपासून चालू आहे. प्रत्येक गट आपल्या साधनाने प्रमाणपत्रं आणि किल्ल्या बनवून झिप फाइलमध्ये ठेवतो, बाकीचे त्या तपासतात, आणि कोणाचं कोणाला वाचता आलं याचा तक्ता तयार होतो. एमएल-डीएसए या डिजिटल सहीच्या अल्गोरिदमच्या खाजगी किल्लीचं घ्या. ती ३२ बाइटांचं बीज म्हणून ठेवता येते किंवा त्यातून उलगडलेली मोठी किल्ली म्हणून; एमएल-डीएसए-६५ या प्रकारात उलगडलेली किल्ली ४०३२ बाइटांची. एकाने बीज लिहिलं आणि दुसऱ्याचं साधन उलगडलेलीच वाचत असलं की जोडणी तुटते. बीजातून किल्ली काढता येते, किल्लीतून बीज परत काढता येत नाही, म्हणून हा वाद केवळ मांडणीचा नव्हता. शेवटी बीज, उलगडलेली आणि दोन्ही मिळून असे तिन्ही पर्याय लिहिण्याच्या पद्धतीत ठेवावे लागले. असे घोळ कागदावर वाचून दिसत नाहीत, फाइलींची देवाणघेवाण केली की तासाभरात दिसतात.

कोड न लिहिणाऱ्यालाही काम असतं: तक्ता भरणं, पॅकेट पकडून मसुद्याशी ताडून बघणं, संदिग्ध वाक्यांची यादी करणं. सभेच्या विकीवर प्रकल्पांची यादी आणि प्रत्येकाच्या प्रमुखाचं नाव असतं. दोन आठवडे आधी त्यांना विचारा की काय बांधून आणू. लायब्ररी शनिवारी सकाळी कंपाइल करायला घेतली तर अर्धा दिवस तिथेच जातो. कंटेनर घरूनच तयार करून आणा, आणि चाचणीच्या फाइली लॅपटॉपवर उतरवून ठेवा.

रविवारी दुपारी प्रत्येक प्रकल्प मोजक्या मिनिटांत काय सापडलं ते सांगतो. न जमलेलंही सांगायचं असतं, किंबहुना लोक तेच कान देऊन ऐकतात. सोमवारी संध्याकाळी टेबलं मांडून प्रात्यक्षिकं होतात. ज्यांना हॅकेथॉन जमलं नाही त्यांनी निदान तिथे फिरावं.

---

मध्यरात्र

दुसरा प्रश्न माझा. घरून सामील होण्यात पूर्ण अर्थ आहे. शुल्क लागतं, पण परवडत नसेल तर दूरस्थ नोंदणीसाठी माफी मागता येते आणि त्याला पुरावा द्यावा लागत नाही.

वेळेचा हिशोब करून ठेवा. व्हिएन्ना उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, म्हणजे तिथले सकाळचे साडेनऊ म्हणजे आपल्याकडे दुपारचा एक. युरोपातली सभा भारतातून सगळ्यात सोयीची. नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्कोला आहे, तिथले साडेनऊ म्हणजे आपल्या रात्रीचे अकरा, आणि शेवटचं सत्र उजाडल्यावर संपणार. तो आठवडा दिवसा ऑफिस करून निभत नाही. दोनच सत्रं निवडा, बाकीची ध्वनिचित्रमुद्रणं नंतर बघा.

मसुदे भरण्याची मुदतही अशीच चकवते. सभेच्या दोन आठवडे आधीचा सोमवार, रात्री ११:५९, पण यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळेनुसार. आपल्याकडे ती मंगळवारी पहाटे ५:२९ ला संपते. व्हिएन्नासाठी सोमवार ६ जुलै, म्हणजे आपला मंगळवार ७ जुलै पहाट. त्यानंतर सभा सुरू होईपर्यंत दार बंद, म्हणजे लोकांना वाचायला वेळ मिळतो.

सत्रं मीटेको नावाच्या प्रणालीतून चालतात. हात वर करण्याची रांग एकच, सभागृहातले आणि घरचे त्याच रांगेत. सभागृहात बसणाऱ्यांनी फोनवरून क्यूआर कोडने हलकी आवृत्ती उघडायची. पूर्ण आवृत्ती आवाजासकट उघडली की खोलीत प्रतिध्वनी घुमतो आणि सत्र थांबतं. सभागृहात असलात तरी लॉगिन कराच, कारण हजेरी त्यावरूनच लागते आणि पुढच्या वेळी गटाला केवढी खोली द्यायची हे हजेरीवरून ठरतं. ही हजेरी सार्वजनिक असते, हेही लक्षात असू द्या.

घरून बोलताना तारेचा हेडफोन लावा, सत्राआधी चाचणीखोलीत जाऊन आवाज तपासा. नंबर आला की आधी नाव, मग मुद्दा, तीन वाक्यांत. फक्त ‘सहमत’ म्हणायला रांगेत उभं राहू नये. त्यासाठी झुलिप या गप्पांच्या प्रणालीवर गटाची गप्पाखोली आहे. गटाचे अध्यक्ष मध्येच हात वर करायला सांगून अंदाज घेतात, पूर्वी यासाठी खोलीभर गुणगुणायची पद्धत होती. त्या आकड्याने निर्णय होत नाही. जे ठरल्यासारखं वाटलं ते पुन्हा लिस्टवर टाकून पक्कं करावं लागतं, म्हणजे सभेला न आलेल्यालाही तेवढाच हक्क राहतो.

---

गावकुस

बाजूच्या बैठकांबद्दल.

अधिकृत कार्यक्रमपत्रिकेत नसलेल्या, विकीवर कोणीही जागा मागून घेऊ शकेल अशा या खोल्या असतात. सार्वजनिक म्हणून नोंदवलेल्या बैठकीत आगंतुक चालतो, त्यासाठीच ती असते. नवी कल्पना घेऊन आलेल्यांना इथे पहिले दहा वाचक भेटतात. कल्पना मोठी असेल तर पुढची पायरी म्हणजे ‘बॉफ’ सत्र, नव्या कामाची चाचपणी करणारी अधिकृत बैठक. तिथे तीन गोष्टी तपासतात: प्रश्न नीट मांडलाय का, तो सोडवायला आयईटीएफ हीच योग्य जागा आहे का, आणि काम करायला माणसं आहेत का. तिसऱ्यावरच बहुतेक प्रस्ताव अडतात.

रविवारचे दोन कार्यक्रम चुकवू नका. सकाळी आयईपीजी नावाची बैठक असते, तिथे नेटवर्क चालवणारे लोक प्रत्यक्षात काय मोडतं ते मोजमापांसह सांगतात. आणि ‘हॉटआरएफसी’मध्ये प्रत्येकाला फक्त चार मिनिटं: माझा प्रश्न हा, मला मदत हवी ती ही, मी कुठे भेटेन. आठवडाभर कोणाला गाठायचं याची यादी त्या तासाभरात तयार होते. जुलैच्या सभेला जोडून उपयोजित नेटवर्क संशोधनाची कार्यशाळाही होत असते, विद्यार्थ्यांनी ती बघावी. सभेच्या आठवड्यात संशोधनगटही बसतात; ते मानकं काढत नाहीत, त्यामुळे तिथली चर्चा जरा मोकळी असते.

माझ्या मते नव्या माणसाला मुख्य सत्रांपेक्षा या बैठकांचाच उपयोग जास्त.

---

तारायंत्री

गावकुस, बाकी सगळं मान्य, पण शेवटच्या वाक्याशी सहमत नाही. बाजूच्या बैठकीची टिपणं ठेवणं कोणावर बंधनकारक नाही, घरून येणाऱ्यांना आवाज नीट येईल याची हमी नाही, आणि वेळ बहुतेकदा सत्रांच्या आधी किंवा जेवणाच्या सुट्टीत. पंधरा जण खोलीत काहीतरी ‘ठरवून’ बाहेर येतात आणि गटात ते झाल्यासारखं बोलू लागतात. त्या ठरण्याला काडीचीही अधिकृत किंमत नसते, नवख्याला मात्र ते कळत नाही. आपल्यासारख्या, बहुतेक वेळा दूर बसलेल्यांचं यात सगळ्यात जास्त नुकसान होतं.

---

गावकुस

हे बरोबर आहे. मग नियमच करूया: बैठक बोलावणाऱ्याने जागा मागतानाच संबंधित लिस्टवर विषय आणि दूरस्थ दुवा टाकावा, आणि त्याच दिवशी अर्ध्या पानाची टिपणं लिस्टवर पाठवावीत. ‘निर्णय’ हा शब्द टिपणांत नसावा, ‘उपस्थितांचं म्हणणं’ एवढंच. तुम्ही निव्वळ श्रोता म्हणून गेलात आणि टिपणं कोणीच घेत नसेल तर तुम्ही घ्या. नव्या माणसाला गटात ओळख मिळवायला याहून सोपा मार्ग नाही.

---

खांब_क्र_६४

वायफायबद्दल कोणी लिहिलं नाही अजून.

सभेचं नेटवर्क स्वयंसेवक उभारतात. मुख्य जाळ्याचं नाव, वापरकर्तानाव आणि पासवर्ड तिन्ही एकच: संस्थेचं लघुनाम, रोमन लहान अक्षरांत. पासवर्ड सगळ्यांना माहीत असूनही जोडणी सांकेतिक असते, कारण वायफायच्या ‘एंटरप्राइझ’ पद्धतीत प्रत्येकाची सत्रकिल्ली वेगळी तयार होते. मात्र सर्व्हरचं प्रमाणपत्र न तपासता ‘पुढे’ दाबलंत तर त्याच नावाच्या खोट्या जाळ्यात अडकू शकता.

फक्त आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) देणारं वेगळं जाळंही असतं, त्यात एनएटी६४ म्हणजे नव्या आणि जुन्या पत्त्यांमधला दुभाष्या असतो. त्यावर एक दिवस मुद्दाम काढा. तिथे डीएनएस६४, म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी सेवा, जुन्या आयपीव्ही४ पत्त्याला ६४:एफएफ९बी या उपसर्गामागे बसवून कृत्रिम आयपीव्ही६ पत्ता देतं, आणि एनएटी६४ बाहेर जाताना त्याचा पुन्हा आयपीव्ही४ पत्ता करतं. हे फक्त नाव विचारल्यावर घडतं. ज्या अ‍ॅपमध्ये किंवा व्हीपीएनच्या सेटिंगमध्ये आयपीव्ही४ आकडे थेट लिहिलेत, ते तिथे मान टाकतं. फोन सहसा वाचतात, कारण त्यांच्यात ४६४एक्सलॅट, म्हणजे अशा अ‍ॅपना आयपीव्ही४ असल्यासारखं भासवणारी सोय, असते. लॅपटॉपवरचं कंपनीचं व्हीपीएन तपासून निघा, आणि सर्व्हर नावाने लिहिलेला आहे ना ते बघा. अडलंच तर मदतकक्षात जाऊन सांगा. काय मोडलं हे त्यांना हवंच असतं.

---

अनुस्वार

मराठी वाचकांना जवळचा एक विषय, कारण ‘आपल्या भाषेचं तिथे काय’ हा प्रश्न येतोच.

दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या डोंगरातल्या. फरक फक्त त्या र चा. युनिकोडमध्ये ‘दऱ्या’ दोन प्रकारे लिहिता येतं: नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारं शून्यरुंदीचं जोडचिन्ह. २००३च्या डोमेननामांच्या मानकात हे जोडचिन्ह गाळलं जायचं, त्यामुळे दुसऱ्या प्रकारे लिहिलेली ‘दऱ्या’ गुपचूप ‘दर्या’ व्हायची. २०१०च्या आरएफसी ५८९२ ने ते चिन्ह हलन्तानंतर चालेल असा संदर्भनियम घातला. मुळाच्या पातळीवर, म्हणजे शेवटच्या टिंबानंतरच्या नावांत, जोडचिन्ह आजही चालत नाही. तिथे ऱ वापरूनच लिहावं लागतं.

हे सांगायचं कारण, योग्य प्रश्न योग्य दारात नेला पाहिजे. कोणतं अक्षर प्रोटोकॉलमध्ये चालेल हा आयईटीएफचा प्रश्न. मुळाच्या पातळीवरचे नियम आयकॅन या जगभरच्या डोमेननामांचा समन्वय करणाऱ्या संस्थेकडे. .भारत खाली कोणतं नाव द्यायचं हे निक्सी या भारताच्या डोमेननोंदणी संस्थेकडे. देवनागरी ईमेल पत्त्यांची मानकं २०१२ मध्येच आली, आरएफसी ६५३० ते ६५३३. अजून बँकेचा फॉर्म तो पत्ता नाकारतो तो मानकाअभावी नव्हे, फॉर्म लिहिणाऱ्याने जुनी तपासणी ठेवल्यामुळे. ही तक्रार घेऊन सत्रात उभं राहिलात तर लोक सहानुभूतीने ऐकतील, पण करण्यासारखं त्यांच्या हातात काही नसेल. डोमेननोंदणी प्रणालींतून असे पत्ते नीट जावेत यासाठीचं काम रेगएक्स्ट नावाच्या कार्यगटात झालं, ती टिपणं वाचण्यासारखी आहेत.

---

रुईगवत

नोकरदारांनी एक गोष्ट निघण्याआधी मिटवावी. प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला ‘नोट वेल’ नावाचं नियमांचं पान पडद्यावर दाखवतात आणि सगळे ते न वाचता बसतात. त्याचा अर्थ गंभीर आहे: तुम्ही माइकवर, गप्पाखोलीत किंवा लिस्टवर जे मांडता ते योगदान धरलं जातं, आणि त्यावर तुमचं किंवा तुमच्या कंपनीचं पेटंट असल्याचं तुम्हाला माहीत असेल तर ते जाहीर करणं बंधनकारक आहे. नियम आरएफसी ८१७९ मध्ये. कंपनीच्या कायदा विभागाकडून ‘मी अमुक गटात बोलणार आहे’ याला लेखी होकार घ्या. तिथे गेल्यावर ‘विचारून सांगतो’ म्हटलं तर निदान त्या सभेपुरता विषय थांबतो.

---

पेठेतला_पाहुणा

नोट वेलचं खरंच माहीत नव्हतं. शेवटचं एक: कधी मसुदा मांडायची वेळ आली तर?

---

सांधेजोड

गटाच्या अध्यक्षांना वेळ मागा, कार्यक्रमपत्रिका ठरायच्या आत. साधारण दहा मिनिटं मिळतात. त्यातली पाच चर्चेला ठेवा. पार्श्वभूमीला एक पान, मागच्या आवृत्तीपासून काय बदललं त्याला एक, आणि उरलेल्या दोन-तीन पानांवर प्रत्येकी एक न सुटलेला प्रश्न, उत्तराच्या पर्यायांसकट. अख्खा मसुदा पहिल्यापासून समजावत बसलं की वेळ संपते आणि हाती एकही मत लागत नाही. ही चूक सगळ्यात जास्त वेळा दिसते.

पानांना क्रमांक घाला, घरून ऐकणारा ‘पान चार’ म्हणू शकला पाहिजे. पीडीएफ करून डेटाट्रॅकरवर आदल्या दिवसापर्यंत चढवा. लॅपटॉप जोडून दाखवायची पद्धत नाही, पानं मीटेकोतूनच सरकतात, त्यामुळे हलती चित्रं चालत नाहीत. टिपणं घेणारा आधीच ठरवा. सत्र सुरू झाल्यावर ‘कोण लिहिणार’ विचारण्यात तुमच्या दहातली दोन मिनिटं जातात. आणि संध्याकाळी टिपणांचं पान उघडून तुमच्या मुद्द्यावर कोण काय बोललं ते तपासा. नावं आणि ‘नाही’ हा शब्द, या दोनच गोष्टी घाईत चुकतात, आणि त्या पानावर दुरुस्ती तुम्ही स्वतः करू शकता.